भोंगा एकदाही वाजला नाही

३ मार्च, सोमवार

चिठ्ठ्यांत माझा प्रश्न पहिला आला! तीनशेच्या वर तारांकित प्रश्न पडून आहेत, आणि पुढच्या बुधवारच्या यादीत एक नंबरला मी. थोरल्यांनी पाठीवर थाप मारली. (आमचे गटनेते. नाव कोणी घेत नाही, थोरलेच म्हणतात.) म्हणाले, "ऐन अर्थसंकल्पात सरकारला घाम फुटला पाहिजे. सोडू नका."

प्रश्न साधा आहे. ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. खाली नदीपात्रात कारखान्याची पोती धुणारी सात माणसं वाहून गेली. इशाऱ्याचा भोंगा का वाजला नाही? आणि भोंगाचालकाचं पद कोणत्या कारणानं रद्द केलं?

दुसरा भाग मी लिहिलेला नाही. थोरल्यांच्या कार्यालयानं जोडला. त्यांना कारण माहीत नाही. मला आहे. उद्या लिहीन.

४ मार्च, मंगळवार

पद माझ्यामुळे रद्द झालं.

सहा वर्षांपूर्वी. नवा निवडून आलो होतो, नाव व्हायची घाई होती. पाटबंधारे खात्याच्या मागणीवर एक रुपयाची कपात सूचना दिली. एक रुपया कापून कोणाचं काही जात नाही, बोलायला वाट मिळते एवढंच. त्याआधी लेखी विचारून ठेवलं होतं—हा भोंगा नऊ वर्षांत किती वेळा वाजला? उत्तर आलं, एकदाही नाही. मग काय! उभा राहिलो. "अध्यक्ष महोदय, भोंग्याला निदान गंज चढला. चालकाला मात्र दर वर्षी वेतनवाढ चढते!" दोन्ही बाजूंची बाकं हसली. मंत्री पोट धरून हसले. आठवड्यात पद रद्द झालं, काटकसरीचा आदर्श म्हणून. पुढची निवडणूक मी त्या एका वाक्यावर काढली. अजून लग्नाकार्यात लोक ते वाक्य माझ्याकडून म्हणवून घेतात.

घेत असत. ऑगस्टपासून मीच लग्नांना जात नाही.

५ मार्च, बुधवार

सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि चहा अंगावर सांडला.

तो भोंगा मी कधी ऐकलेला नाही. कसा ऐकणार? तरी सात महिने ऐकू येतो. आंघोळीला बसलो की, गाडीत, थोरले बोलत असताना. लांबून सुरू होतो, चढत जातो आणि मध्येच तुटतो. तुटला की मी मोजतो. सातापर्यंत. पुढे मोजवत नाही.

हिनं बटाटे पातेल्यात उकडायला ठेवले. का ते बोलली नाही. बत्तीस वर्षांचा संसार, शाळेत मुलं सांभाळलेली बाई—तिला काय दिसत नसेल?

६ मार्च, गुरुवार

ग्रंथालयात गेलो. जुन्या कामकाजाचा खंड मागितला. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आजच परत आलाय. मंत्र्यांच्या कार्यालयानं नेला होता." माझ्या भाषणाच्या पानाला कोणी तरी हिरवी चिठ्ठी लावून ठेवली होती. (हशा) असं कंसात तीनदा छापलंय.

बाहेर पडतो तर मंत्री जिन्यात उभे. तेच मंत्री, तेच खातं. खांद्यावर हात टाकला. "अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय? बुधवारी जरा तब्येत बिघडू द्या. प्रश्नकर्ता गैरहजर, प्रश्न मागे पडेल. छापील उत्तर येईल, त्यात तुमचं नाव नसेल. सुंठीवाचून खोकला गेला."

मी म्हटलं, मी येणार. तोंडानं म्हटलं.

८ मार्च, शनिवार

भोंगेवाल्याला शोधून काढला. हमरस्त्यावर टायरच्या दुकानात चाकांत हवा भरतो. साठीला टेकलेला, काटक. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "ओळखलं की, साहेब. बसा." आणि टायरवर फडकं मारलं.

मला वाटलं होतं, शिव्या देईल. तयारीही करून गेलो होतो. हा म्हणतो, "भाषण मी ऐकलं होतं तुमचं. गंजाचं. मलापण हसू आलं. खरंच होतं ना, भोंगा बिघडलेलाच होता. मी लागलो त्याच्या आधीपासून."

मग नऊ वर्षं काय करायचास?

"धरणावरून भोंग्याच्या चौकीत फोन यायचा, पाणी सोडतोय म्हणून. मी सायकल काढायचो. पाऊण तासात पाणी खाली पोचतं, मी वीस मिनिटांत. भोंग्याचं काय आहे साहेब, तो वाजला की माणसं मान वर करून बघतात आणि पुन्हा पोती धुतात. मी पात्रात उतरायचो. हाताला धरून एकेकाला वर काढायचो. एक म्हातारी तर चावायची मला."

नऊ वर्षांत एकही माणूस गेला नव्हता. मी विचारलं होतं भोंगा किती वेळा वाजला. माणसं का मरत नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही. खात्यानंही विचारल्यापेक्षा एक अक्षर जास्त सांगितलं नाही. सांगत नसतातच.

"पद गेल्यावरपण आठ महिने जात होतो," तो म्हणाला. "बिनपगारी. मग चौकीचा फोन कापला. पद नाही म्हटल्यावर बिल कोण भरणार? ऑगस्टात त्या दिवशी मी इथंच होतो. ट्रकच्या चाकात हवा भरत होतो."

खिशातून किल्ली काढली, भोंग्याच्या चौकीची. "कोणी मागितलीच नाही परत. महिन्यातून एकदा जाऊन कुलपाला तेल घालून येतो. तुम्ही घेता का?"

मी घेतली नाही. माझ्याच्यानं हात पुढे करवला नाही. गाडीत बसल्यावर रडलो, ड्रायव्हर काच पुसायला बाहेर उतरला.

९ मार्च, रविवार

दिवसभर भोंगा. जेवलो नाही.

१० मार्च, सोमवार

मार्ग सापडला.

मंत्र्यांकडे स्वतः गेलो. म्हटलं, बुधवारी येत नाही. पण एका अटीवर—त्या माणसाला कामावर परत घ्या. भोंगा दुरुस्त करा, फोन जोडा, आणि चौकीत तोच हवा. सगळं सांगितलं. सायकल, आठ महिने बिनपगारी, तेल घातलेलं कुलूप. मंत्री गंभीर होऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अशी माणसं राहिली कुठं? तुम्ही हे सगळं लिहून द्या. नाव, पत्ता, कधीपर्यंत जात होता, किल्ली कोणाकडे. कागद असला की फाईल हलते."

त्यांच्याच टेबलावर बसून लिहून दिलं. सही केली, तारीख घातली.

टायरच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला, "सायकलची चेन बदलून घेतो."

घरी येऊन पोळी मागून घेतली. ही ताटाजवळ बसली. "तुम्हाला गप्प बसायला मिळालं आणि त्याला नोकरी मिळाली, असंच ना?" मी म्हटलं, मेलेली सात माणसं मी बोलून परत येणार आहेत का? जिवंत माणसाचं तर भलं होतंय. ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?"

११ मार्च, मंगळवार

आज एकदाही ऐकू आला नाही!

१२ मार्च, बुधवार

घरीच. हिनं विधानभवनात फोन करून ताप आहे म्हणून कळवलं. खोटं बोलताना तिचा आवाज शाळेत हजेरी घेतल्यासारखा सरळ होता. पांघरूण घेऊन टीव्हीवर पाहिलं. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, मग वाचलं—प्रकृती अस्वास्थ्यामुळे गैरहजर—आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. सगळं मिळून अर्धं मिनिट. थोरल्यांचा चेहरा दिसला. नंतर त्यांचे चार फोन. उचलले नाहीत.

संध्याकाळी छापील उत्तर मागवून घेतलं. भोंगा वाजला नाही, हे खरे आहे. पद काटकसरीच्या धोरणानुसार रद्द. माझं नाव कुठंही नाही. शब्द पाळला म्हणायचा. खाली शेवटची ओळ—जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही सुरू आहे. ती ओळ प्रत्येक उत्तरात असते. मी अशा शंभर ओळी वाचल्या असतील.

हिला म्हटलं, उद्यापासून कुकर लाव.

१३ मार्च, गुरुवार

सभागृहात गेलो. आमच्या बाकावर कोणी बोललं नाही. समोरच्या बाकांवरून दोघांनी तब्येत विचारली. काळजीनं! मंत्र्यांनी लांबूनच मान हलवली, काम होतंय अशी. पाटबंधाऱ्याची मागणी चर्चेविना मंजूर. मीही "होय" म्हणालो. सगळ्यांबरोबर तोंडातून गेलं.

झोप मात्र लागते आहे. ही गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण उद्या मी नाकारीन.

१५ मार्च, शनिवार

भोंगेवाला आला. चाळीस किलोमीटर सायकल मारत. "टीव्हीवर तुम्ही आजारी असल्याचं कळलं. म्हटलं, बघून यावं." हिनं पाणी दिलं. मग त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ऑर्डर आली वाटतं, साहेब. पोलीस घेऊन आला म्हणून जरा बिचकलो. चष्मा दुकानात राहिला. तुम्हीच वाचा."

वाचलं. मनातल्या मनात. पद रद्द झाल्यावरही चौकीचा ताबा व किल्ली बेकायदा स्वतःकडे ठेवून, इशारा देण्यात निष्काळजीपणा. सात जणांच्या मृत्यूस जबाबदार. आधार—माझं १० तारखेचं सहीनिशी पत्र.

तो अजून बाहेरच्या खोलीत बसला आहे. मी आत येऊन हे लिहितो आहे. मघाशी विचारत होता, "कामावर कधीपासून यायचं लिहिलंय, साहेब?"