चौतीस तारे आणि उशीचा अभ्रा

तीर्थस्वरूप क्लेटसदादास धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे मर्लचा, घाबरलेला नमस्कार.

तुझा गुडघा वळायला लागला असेल आणि मेबलवहिनींचा दमा आटोक्यात असेल, असं धरून चालतो. माझं विचारू नकोस. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

माझा १८६१ सालचा चौतीस ताऱ्यांचा झेंडा तुला ठाऊक आहेच. सगळे तारे मिळून एकच मोठा तारा (रांगा नव्हेत; रांगांचे कुणाकडेही असतात), चौतिसावा आपल्या कॅन्सस राज्याचा, हातशिलाई, इंचाला नऊ टाके. कुठल्याही कॉलेजात न जाता मी ते भिंगातून मोजलेत. तो मंगळवारी वाचनालयात दाखवायचा होता. शिवाय ओसरीवरचा, वाऱ्यानं चिंध्या झालेला नायलॉनचा झेंडा तुमच्या माजी सैनिकांच्या हॉलबाहेरच्या पेटीत टाकायचा होता (जीर्ण झेंडे जमवून ध्वजदिनी मानानं जाळतात, ती पेटी). दोन्ही झेंडे उशीच्या पांढऱ्या अभ्र्यांत. सोमवारी पेटीकडे जाताना ओपलनं भलताच अभ्रा का उचलला, देव जाणे. बायकोला ताऱ्यांतलं काय कळतं!

वाचनालयात बावीस माणसांसमोर मी अभ्रा उघडला. वाचनालयाच्या यूबँक्सबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "मर्ल, हा लिंकनच्या वेळचा ना रे? मग याला मशीनमध्ये धुवायच्या सूचनांची चिठ्ठी कशी?" मागून कुणीतरी, "लिंकन गरम पाण्यात धुवायचा की गार?"

धावत हॉलवर गेलो. पेटीला कुलूप, वर माझ्याच हातची सुबक पाटी : 'आत गेलेला झेंडा कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही.' गेल्या वर्षी फर्न नवऱ्याच्या शवपेटीवरचा झेंडा चुकून टाकला म्हणून रडत आली, तेव्हा याच पाटीखाली मी तिला पाऊण तास नियम समजावले होते. तो झेंडा आपण जाळला, दादा. आता ती पेटीसमोरच्या बाकावर विणत बसते आणि मी दिसलो की विचारते, "काय मर्ल, काही हरवलं का?" मी रस्ता बदलतो. रविवारी ध्वजदिन. एकशे चौसष्ट वर्षं अकरा महिने टिकलेलं कापड पाच मिनिटांत राख होणार, आणि मला टोपी छातीशी धरून ते बघावं लागणार.

तुझा,
मर्ल

ता. क. : पेटीची किल्ली तुझ्याकडे असते. शनिवारी दुपारी फर्न केस कापायला जाते. तेवढ्यात उघड. पाटीला हात लावू नकोस, ती राहू दे.

दुसरा ता. क. : ओपलला काही विचारू नकोस. ती गेल्या शुक्रवारपासून बहिणीकडे आहे. अभ्रा मीच टाकला. टाकून दोन पावलं मागं सरलो आणि पेटीला कडक सलामही ठोकला.