पुसलेलं स्टूल

दि. १४ जुलै

चि. ढब्बू,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. तुझे भावोजी गुडघ्याला पट्टा बांधून रोज फिरायला जातात, म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन गप्पा मारून परत येतात.

निवडणुकीत देशभर आमच्या पक्षाने सपाटून मार खाल्ला, ते तुला सांगायला नकोच. मागच्या आठवड्यात त्यावर बैठक झाली. जिल्हाध्यक्ष म्हणाले, घोषणा बदलू. वरून आलेला सल्लागार म्हणाला, झेंड्याचा रंग जरा उजळ करू. मी उठले आणि सांगितलं, घोषणा राहू द्या, आपला अंदाज बांधायचाच प्रकार चुकलाय.

प्रचारात आमची पद्धत ठरलेली. आत बोलावून चहा दिला, तर घर आपलं. दारातच झापलं, तर ते विरोधकांचं, तिथे पुन्हा फिरकायचं नाही. निकालानंतर मी मुद्दाम सगळीकडे जाऊन आले, तर चित्र उलटंच. आपलं समजून झापणाऱ्या बहुतेकांनी आम्हालाच मत दिलेलं. ज्यांनी आम्हाला सोडलं होतं, त्यांना तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून चहा.

जिल्हाध्यक्षांनी विचारलं, "मग आता काय शिव्या खात फिरायचं?"

"हो, आणि मधे बोलायचं नाही," मी म्हटलं.

हेच धोरण ठरलं. सरचिटणीस पहिल्याच दारात भाषणाला उभे राहिले, कोपराने ढोसून गप्प करावं लागलं. पण आता जमतंय. ऐकलेलं काम आधी करायचं, मत नंतर मागायचं. नगरपालिकेला आम्ही येतो की नाही, बघच तू.

आता जे लिहायचं टाळत होते ते. प्रचारात मी तुझ्या सायकलच्या दुकानात आले होते. कॉलेजपासून पक्षावरून तू मला कधी धड बसू दिलं नाहीस. त्या दिवशी मात्र फडक्याने स्टूल पुसलंस, चहा मागवलास, म्हणालास, "तायडे, तू काळजी करू नकोस." मी खुशीत तुझं घर आपलं धरलं. भाऊ शहाण्यासारखा वागतोय म्हटल्यावर तेव्हाच कळायला हवं होतं.

काल तुझ्या शेजारच्या शिंपीणबाईंनी मला दारात उभं करून झापलं, त्यात समजलं. दुकानात गटाराचं पाणी शिरतं म्हणून तू आमच्या कार्यालयात खेटे घातलेस, आणि आमच्या लोकांनी "निवडणुकीनंतर बघू" म्हणून तुला वाटेला लावलं. मला एका शब्दाने बोलला नाहीस. आधी राग आला, मग रडू आलं. मत कुणालाही दे, तो तुझा हक्क. पण माझ्याशी पाहुण्यासारखा वागलास, ते मला सहन होत नाही.

रविवारी सकाळी येते. सरचिटणीसांना घेऊन येते, आधी गटार बघू. चहा नको. स्टूल पुसू नकोस. दारातच उभा राहा आणि साठलेलं सगळं बोल. मी मधे बोलणार नाही.

तुझ्या शिव्यांवर पहिला हक्क असलेली,
तायडी