कृपाला सांगायचा आभाळाचा उंबरा

मस्कत, रविवार

प्रिय आराधना,

तुम्हा मायलेकींना सलाम. मी खुशाल आहे; वरण माझं मीच करपवतो. तुझी कंबर कशी आहे?

तिकीट काढलं म्हणताच कृपा फोनवर म्हणाली, "पप्पा, येऊ नका. ढगात विमान पडतं." तेव्हापासून कशात लक्ष नाही. घाईत मी म्हणालो, विमान सगळ्या ढगांच्या वरून जातं. सात वर्षांच्या लेकीला चक्क थाप मारली. तू खरं सांग.

म्हणावं, शिंगणापूरला बिनदाराची घरं पाहिलीस ना? आभाळातही तसाच एक उंबरा आहे. वर जावं तशी हवा गार होत जाते, पण उंबऱ्याशी ते थांबतं आणि पलीकडे हळूहळू ऊब वाढते. ढग भोवतीच्या हवेपेक्षा उबदार असतो तोवरच चढतो, म्हणून तिथं त्याची चढण संपते. दार नसूनही तो सहसा आत शिरत नाही. तिथंच आडवा पसरतो, जेवल्यावर तुझा भाऊ पॉल पसरतो तसा. विमान उंबऱ्याच्या अलीकडूनच येतं, पण पायलट मोठ्या ढगाला वळसा घालतो.

एवढं ऐकूनही "येऊ नका" म्हणाली, तर हळूच विचार: भीती विमानाची आहे, की दोन वर्षांत पप्पाच परका झालाय? म्हणेल ते कळव. तिकीट मात्र मी रद्द करणार नाही.

तुम्हा दोघींचाच,
शांतवन