बैठकीतला माझा बार

धुळवड, दिवेलागण. जळगाव

राग अजून उतरलेला नाही, तरी लिहायला बसले. 

हे गेल्यावर बैठकीतलं त्यांचं बाटल्यांचं कपाट मी रिकामं केलं होतं. आज तिथे माझा बार मांडला. दारूचा थेंब नाही. सुरईत बदाम-बडीशेपेची थंडाई आणि वेगळ्या वाटीत भांग, भाचीने इंदूरच्या सरकारी भांग-दुकानातून आणलेली. ज्या मैत्रिणीला हवी तिने घ्यावी, नको तिने साधी प्यावी.

आम्ही मैत्रिणी बसतोय तोच चोपड्याहून थोरले दीर आले, नाना. सोबत जाऊबाई, आमच्या अक्का.

कपाट बघून नाना कडाडले, "हाई काय शे? बाया भांग पितीन आते? लोके काय म्हनतीन?"

"नाना, याच कपाटातली दारू तुम्ही भावाबरोबर वर्षानुवर्षं प्यायलात. उष्टे ग्लास मी घासले. तेव्हा लोक काय म्हणायचे?"

एवढं बोलले मी? बोलले. आणि ग्लास घासले हे कमीच सांगितलं. ओकाऱ्याही पुसल्यात.

"ह्या घरमा आते मी पाय ठेवाव नही," म्हणत नानांनी चपला घातल्या. "चाल वं!"

अक्का जन्मात त्यांच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. पण आज बसल्या त्या बसल्याच.

"तुम्हीन व्हा पुढे," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "माले बी दे. भांगवाली."

अर्धाच चमचा घातला. आता आत पलंगावर पडून एकट्याच हसताहेत. नानांचा फोन सारखा येतोय.

वाजू दे.