सुकेळ्यांचा पाक आणि चौदा घसे

रविवार, ६ जानेवारी १९८५
चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर फादर जेम्सनी बाजूला घेतलं. चर्चचे गायनमास्तर बॅप्टिस्टमामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे रजेवर. ३ फेब्रुवारीच्या, चर्चच्या वार्षिक सणाचं गायन मी बसवायचं. नीट झालं तर कायमचा मास्तर मीच. (‘बघू’ असंही फादर म्हणाले, पण ते आपलं बोलण्याच्या ओघात.) ऑर्गन वाजवणाऱ्या रोझमेरीचंही नाव होतं म्हणे. तिला संगीत येतं, मान्य. पण चौदा जणांचं मंडळ सांभाळायला शास्त्रीय दृष्टी लागते, आणि मी एकवीस वर्षं शाळेत सायन्स शिकवतोय.
निश्चय: रोज संध्याकाळी सातला प्रॅक्टिस. एक मिनिट उशीर चालणार नाही.

मंगळवार, ८ जानेवारी
प्रॅक्टिसला पंचवीस मिनिटं उशीर. कारण शास्त्रीय. स्टाफरूममध्ये एक अमेरिकन मासिक हाती लागलं आणि भानच राहिलं नाही. बॅक्टेरियाच्या अंगावर प्रोटीनचे बारीक केस असतात आणि त्या केसांनी ते आपल्या पेशींवरची साखर धरतात! पकड मिळाली तर आजार, नाही मिळाली तर वाहून जातात. म्हणजे तीच साखर आधीच त्यांच्या हातात कोंबली, तर पेशीला धरणार कशाने? लेख चार पानांचा आहे. दोन वाचली. मुद्दा कळल्यावर उरलेली वाचायचं कारण दिसलं नाही.

गुरुवार, १० जानेवारी, सकाळी ६
थंडी आहे, सगळे खाकरतायत. सणाला एकही घसा बसता कामा नये. उपाय सापडला. सुकेळी! आपल्या वसईची वाळवलेली केळी, म्हणजे नुसती साखर. खडीसाखर घालून पाक केला. बायकोने, फ्लॉसीने, चाखला आणि म्हणाली, तिच्या आईच्या मते घशाला मिठाच्या गुळण्याच बऱ्या. तिला समजावलं की मीठ नुसतं धुतं, साखर जंतूंना फसवते. ती म्हणाली, पातेलं करपलंय, ते तुम्हीच घासा.

शुक्रवार, ११ जानेवारी
पाकवाटप सुरू. आधी एक चमचा मी घेतला, म्हणजे कुणाला शंका नको. मग त्याच चमच्याने रांगेने सगळ्यांना, कारण मंडळ म्हणजे एक कुटुंब. मधूनमधून गोडी बघायला पुन्हा चाखत होतो. रोझमेरी मात्र नको म्हणाली. एडवर्ड सर, मी घरून पाणी आणलंय, म्हणे. काही माणसांना प्रगती झेपत नाही.

बुधवार, १६ जानेवारी
लुसीला ताप, घास गिळवत नाही. पंधरा वर्षांची पोर, पण मंडळातला सगळ्यात गोड आवाज. चौकशी केली तर शनिवारचा चमचा तिने चुकवला होता. तरीच! आजपासून सर्वांना डोस डबल.

रविवार, २० जानेवारी
आठ जण अंथरुणात. फ्लॉसीचाही घसा धरलाय. मी ठणठणीत, साधी शिंकसुद्धा नाही. आता पाक सर्वांत जास्त कोण घेतं? मी. आणखी काय पुरावा हवा? रोझमेरीही ठणठणीत आहे, पण तो योगायोग.

मंगळवार, २२ जानेवारी
डॉक्टर पॉलिननी आजाऱ्यांच्या घशातून कापसाच्या काडीने नमुने घेतले. मुंबईच्या लॅबला जाणार. म्हटलं, माझाही घ्या, निरोगी घसा कसा असतो ते लॅबला कळू दे. त्यांना अर्धा तास बोटं वाकडी करकरून प्रोटीनचे केस समजावले. त्यांनी एकच विचारलं, चमचे किती होते? अभिमानाने सांगितलं, एक. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ते मासिक त्यांच्याकडेही येतं. लेख पोटातल्या जंतूवर होता. प्रत्येक जंतूची पकडायची वस्तू वेगळी, आणि घशातल्याला सुकेळ्यांशी काही देणंघेणं नाही. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय म्हणे. इतकी महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या पानावर छापतात का कुणी?

शुक्रवार, २५ जानेवारी, दुपारी ४
रिपोर्ट आला. आजाऱ्यांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस. एका नमुन्यात तर सर्वांत जास्त. तो माझा.
डॉक्टर म्हणाल्या, एखाद्याच्या घशात हे जंतू घट्ट धरून बसतात, त्याला स्वतःला काही करत नाहीत, आणि तो माणूस ते गावभर वाटत फिरतो. ‘फिरतो’ हा शब्द लागला. सगळ्यांना पेनिसिलिन, दहा दिवस. लुसीचं वेळेत कळलं, नाहीतर हे पुढे हृदयावरही जातं, असं त्या सहज बोलून गेल्या. माझ्या हाताने भरवलं होतं मी त्या पोरीला.
घरी येऊन उरलेला पाक ओतून दिला. फ्लॉसीची माफी मागितली. तिचा आवाज बसलेला असल्यामुळे प्रकरण लवकर मिटलं.

सोमवार, २८ जानेवारी
फादरांचा निरोप: मी विश्रांती घ्यावी, तोवर प्रॅक्टिस रोझमेरी घेईल. तोवर! म्हणजे तात्पुरतं. चिठ्ठीतून एकोणीस सूचना पाठवल्या. उत्तर नाही. कामात असतील.

रविवार, ३ फेब्रुवारी
सण. चौदाही जण उभे होते. मी शेवटच्या बाकावर. लुसी एकटी गायली तेव्हा चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला रडू आलं, ते लिहायला लाज वाटत नाही. फार सुंदर झालं. अर्थात माझ्या वेळी ऑर्गनची साथ इतकी चांगली नव्हती.
आज संत ब्लेझचा, म्हणजे घशाच्या संताचाही दिवस. मिस्सा झाल्यावर फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावून आशीर्वाद देत होते. रांगेत लोकांनी मला फार आदराने सर्वांच्या मागे उभं केलं. माझी पाळी आली. फादरांनी मेणबत्त्या हनुवटीखाली घट्ट बसवल्या, प्रार्थना सुरू केली, आणि मध्येच हळू आवाजात म्हणाले, आजपासून गायन कायमचं रोझमेरीकडे, तुमची काही हरकत नाही ना? मान हलवायला जागाच नव्हती. मग त्यांनी प्रार्थना पूर्ण केली आणि माझ्याकडे बघत थांबले.
मी ‘आमेन’ म्हणालो.