उशीखालचा स्वेटर

३ जून
आले बाई एकदाची! गाद्या-उशा विकणाऱ्या कंपनीचा ब्लॉग लिहायचा, एवढंच काम. राहायची खोली ऑफिसच्या वरच. खाली ऑफिसात टेबल खिडकीशी, खुर्ची कुरकुरते, पण माझी स्वतःची. आईने फोनवर पहिलं काय विचारलं, तर ठमे, जेवलीस का. एवढी घोडी झाले तरी मी तिची ठमीच. शेजारी बसलेल्या संपादकबाईंनी ते ऐकलं आणि गालात हसल्या.

६ जून
पहिली पोस्ट आपटली. उशी कशी निवडावी, हे किती मन लावून लिहिलं होतं! वाचली कोणी? मी आणि बाईंनी. बाईंनी समजावलं, की उशीबद्दल कोण कशाला वाचेल, उशीत तोंड खुपसून रडलेल्या माणसाबद्दल लिही. इथला नियम एकच. प्रत्येक पोस्टमध्ये आपल्या घरातली एक खरी गोष्ट हवी, बाहेर कुणालाच न सांगितलेली. बनवलेलं वाचकांना लगेच कळतं म्हणे. मी मान डोलावली.

१० जून
ताईचं बाळ पोटातच गेलं. त्याच्यासाठी मी विणलेला पिवळा स्वेटर ती अजून उशीखाली ठेवते. वरचं काज चुकलंय त्याचं. हे फक्त मला माहीत होतं. ते मी लिहिलं, तिला न विचारता. कमेंटवर कमेंट येतायत. बायका लिहितायत, अगदी माझीच गोष्ट. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी कप तसाच ठेवला, तरी सारखा फोन उघडून बघत होते. लाज कशी वाटत नाही मला? वाटते. तरी बघते.

१४ जून
धीर करून ताईला फोन लावला. माफी मागणार होते. ती म्हणाली, कसला स्वेटर, कुणाचं बाळ, काहीतरीच काय बोलतेस! आणि हसली. तिचं खोटं हसणं मला कळतं. हे खोटं नव्हतं. मी फोन ठेवला. आणि मग, लिहायलाही लाज वाटते, हायसं वाटलं. आता बोलणी खावी लागणार नाहीत म्हणून.

१५ जून
एका वाचक बाईने फोटो टाकलाय. तिच्या उशीखालचा स्वेटर. पिवळा. वरचं काज चुकलेलं. खाली लिहिलंय, माझ्या बाळाचा.
बाईंना दाखवलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या, हाती काही लागल्याशिवाय वाचक टिकतो का? मी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या.

१९ जून
नोकरी सोडायला हवी होती. नाही सोडली. वाचक विचारत होते, पुढची कधी. बाबा कामावरून परतताना जिन्यात शीळ घालायचे, ती ऐकून आई पानं घ्यायची. तेच लिहून टाकलं.
आज आई म्हणाली, तुझ्या बाबांना कुठली यायला शीळ!

२२ जून
ठरलं. आता दुसऱ्या कुणाचं ओरबाडायचं नाही. माझं जाईल ते जाऊ दे, हीच शिक्षा. आई न्हाऊ घालताना मला ठमे म्हणून कशी हाक मारायची, डोळ्यांत साबण गेला की कशी फुंकर घालायची — सगळं लिहिलं. प्रायश्चित्त म्हणे! खोटारडी मेली. ही सगळ्यात जास्त वाचली जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

२३ जून
खरंच सगळ्यात जास्त —
घरी फोन केला. आईने विचारलं, कोण बोलतंय. म्हटलं, अगं मी, तुझी धाकटी. तर म्हणाली, धाकटी आत न्हातेय, डोळ्यांत साबण गेलाय तिच्या, नंतर करा.
मागून कुणीतरी आई, आई म्हणून हाका मारत होतं. आवाज — माझ्या आईपेक्षाही म्हाताऱ्या बाईचा —

२४ जून
घरी कुणी फोन उचलत नाहीये.
ही वही चाळली. पहिल्या पानावर आई कुणा ठमीला विचारतेय, जेवलीस का. अक्षर माझं. पण ही ठमी कोण? मला तर ती काहीतरी वेगळंच — लाडाचं — ओठांवर येतंय —
बाई दारात उभ्या. पुढची पोस्ट मागतायत.
ताईची माफी मागायची राहिली. तिला सांगायला हवं, मी बोलतेय, तुझी —
आई मला म्हणायची —