गिनतीत एक कमी

बजाजनगर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. श्रीधरमामा,
सा. न. वि. वि.

अग्निशमनाच्या प्रशिक्षणाचा हा दुसरा महिना, बहुधा शेवटचा. काल गुलमंडीत राजकुमारशेठच्या कापडदुकानात आगीचा सराव होता. माणसं बाहेर काढायचं काम माझ्याकडं. सगळे रस्त्यावर आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, जोडीजोडीनं खाली बसा, गिनती आहे. तुरुंगात सहा वर्षं रोज ऐकलेलं. माणसंही गिऱ्हाइकांदेखत उकिडवी बसली. हे कुठं शिकलास, असं शेठनी विचारलं. मी खरं सांगितलं. आपल्या माणसांना कैदी केलं, अशी त्यांची तक्रार आहे. आमच्या प्रशिक्षक मंजुषामॅडम १५ तारखेला निर्णय देतील. त्याआधी मीच सोडावं म्हणतो. घरी येत नाही, रागावू नका.

आपला,
मंदार

क्रांती चौक, ८ फेब्रुवारी

चि. मंदार,
अ. उ. आ.

खिशात फोन असून त्याच शहरातून पत्र धाडणारा भाचा मलाच लाभला. मी आठ वर्षे संस्कृत शिकवून तुझे अक्षर सुधारले नाही. ते तुरुंगाने केले.

आधी दुकानात जाऊन माफी माग. सोडण्याचे नंतर बघू. तुझी मामी विचारते, गिनती बरोबर भरली का? प्रश्न तिचा आहे, तेव्हा उत्तर दिलेले बरे.

तुझा,
श्रीधरमामा

बजाजनगर, १५ फेब्रुवारी

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

गिनती भरली नव्हती. हजेरीत चोवीस, पण शेवटी एक जण एकटाच बसलेला. शेठ म्हणत होते, सगळे आलेत. मी परत आत गेलो. दुकानातले जुने नोकर धोंडिबाकाका पोटमाळ्यावर ताग्यांमागं बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. तक्रारीच्या धसक्यात हे लिहायचंच राहिलं.

माफी मागायला गेलो, तर काकांनी चहा पाजला आणि शेठसमोर सगळं सांगितलं. आज शेठ स्वतः प्रशिक्षण केंद्रात येऊन तक्रार मागं घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, जोड्या राहू देत, पण उभ्यानं, आणि दरडावून नाही. मला ठेवलंय, मामा.

आपला,
मंदार

क्रांती चौक, १९ फेब्रुवारी

चि. मंदार,
अ. उ. आ.

तुझे पत्र मामीने तीनदा वाचले, मग मला मिळाले. रविवारी जेवायला ये. वांग्याचे भरीत आहे. इथे मात्र बसूनच जेवायचे, मॅडमना कळवू नकोस.

घरात आम्ही पाच. काल पाने मांडताना मामीने जोड्या लावून पाहिल्या. एक पान एकटेच उरते.

लोभ आहेच, तो येऊन वाढवावा.

तुझा,
श्रीधरमामा